घरच्या कॉम्प्युटरचा पोर्ट बाहेरून उघडत नाही: फॉरवर्डिंग, स्टॅटिक आयपी की बोगदा?

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून हल्ली एक मागणी हमखास येते. घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी जपून ठेवलेलं असतं आणि ते परगावच्या मुलांना उघडता यायला हवं असतं. आमच्या मामांनी जुन्या कॅसेटींवरची भजनं-कीर्तनं कॉम्प्युटरवर उतरवली आणि जेलीफिन या मोफत प्रोग्रॅममधून घरच्या टीव्हीवर लावली. घरात छान वाजतात, पण न्यू जर्सीतल्या लेकीला नुसतं फिरणारं चाक दिसतं. जेलीफिन ८०९६ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालतं आणि तो पोर्ट बाहेरून बंद. मामांनी राउटरमध्ये शिरून पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या क्रमांकावर येणारा निरोप या कॉम्प्युटरकडे पाठवायला राउटरला सांगितलं, तरी काही हललं नाही. मग प्रश्न आला, "स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) घेऊन टाकू का?"

पैसे भरायच्या आधी पोर्ट नेमका कुठे अडतोय ते बघायला हवं. अडथळा कॉम्प्युटरवर असेल, राउटरवर असेल, नाहीतर इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि पहिल्या अडथळ्यावर तिसऱ्याचा इलाज केला तर पैसे फुकट जातात.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करा. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या पानावर जा, तळाशी 'लिसनिंग पोर्ट्स' अशी यादी मिळेल. त्यात आपला क्रमांक शोधा. तो नसेल तर प्रोग्रॅमच चालू नाही किंवा दुसऱ्याच पोर्टवर बसलाय. राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. क्रमांक आहे, पण पत्त्याच्या रकान्यात 'लूपबॅक' लिहिलंय, तर प्रोग्रॅम फक्त त्याच कॉम्प्युटरचं ऐकतोय, शेजारच्या खोलीतल्या फोनचंही नाही. हे प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बदलतं. शेवटच्या रकान्यात फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याची, स्थिती असते. तिथे 'नॉट अलाउड' दिसलं तर विंडोजची फायरवॉल आडवी आली आहे. वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असणं हे याचं नेहमीचं कारण. घरच्या वायफायला 'प्रायव्हेट' करा आणि त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्या. अख्खी फायरवॉल बंद करून बघायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही, कारण ती पुन्हा चालू करायची राहून जाते.

आता घरचंच वायफाय असलेल्या दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. ब्राउझर लगेच 'रिफ्युज्ड टू कनेक्ट' म्हणाला, तर निरोप कॉम्प्युटरपर्यंत पोचतोय, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही. बराच वेळ घेऊन 'टूक टू लाँग' म्हणाला, तर मध्ये कोणीतरी निरोप गुपचूप टाकून देतंय, म्हणजे बहुतेक फायरवॉल. पिंगचं ('जागा आहेस का' असं यंत्राला विचारणाऱ्या छोट्या निरोपाचं) उत्तर येतं की नाही यावरून पोर्टबद्दल काहीच ठरत नाही.

घरात सगळं नीट चालत असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बघा. घरच्याच वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकला तर अनेक राउटर तो परत आत वळवत नाहीत, आणि चालू असलेला पोर्टही बंद वाटतो.

शेवटची तपासणी सगळ्यात मोलाची आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, दिसतो. तो आणि 'माझा आयपी काय' असं गूगलवर शोधल्यावर दिसणारा आयपी एकच असेल, तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांत वाटून दिलेल्या एका पत्त्याच्या, मागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्यामुळे कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वाड्याला एकच दिंडी आणि आत वीस बिऱ्हाडं, पत्रावर मात्र बिऱ्हाडाचं नावच नाही, असा तो प्रकार. तुमच्या राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग करा, निरोप दिंडीवरूनच परत जातो. मामांचा पत्ता असाच १०० ने सुरू होणारा निघाला. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे त्याला नुसती जोडणी पुढे द्यायला लावलं, की एक अडथळा कमी होतो.

आता पर्याय. पोर्ट फॉरवर्डिंग फुकट आहे, पण सार्वजनिक पत्ता असेल तरच उपयोगी. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सेवा, जोडावं लागतं. काही कंपन्या २५, ८०, ४४५ असे ठराविक पोर्ट सरसकट अडवतात. मग बाहेरचा क्रमांक वेगळा घ्यायचा. माझी खरी हरकत सुरक्षिततेवर आहे. उघडलेला पोर्ट लेकीसाठी उघडतो तसाच सगळ्या जगासाठी. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) हजारोंनी ताब्यात घेतले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ४४५ पोर्टवरून पसरला. ४४५ आणि दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे दोन पोर्ट घरून थेट इंटरनेटवर कधीच उघडू नका.

स्टॅटिक आयपी म्हणजे तेच फॉरवर्डिंग, दरमहा पैसे भरून. सीजीनॅटचा प्रश्न सुटतो, पत्ताही बदलत नाही, पण वरचा धोका तसाच राहतो. मग घ्यायचा कोणी? मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप असलेल्या माझ्या मित्राला मी तोच घ्यायला सांगितलं. त्याच्या ग्राहक कंपनीचा सर्व्हर ठराविक पत्त्यावरूनच आत घेतो. तिथे दुसरा पर्याय चालत नाही आणि खर्चही धंद्यातून निघतो. घरात गाणी आणि फोटो दाखवायला मात्र मी तो घेणार नाही.

आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, मिळत असेल तर फॉरवर्डिंगची गरजच नसते, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढी परवानगी द्यायची. अडचण पलीकडच्या टोकाला आहे. तिथेही आयपीव्ही६ हवं, आणि ऑफिसच्या वायफायवर ते अनेकदा नसतं. जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

टेलस्केलसारखा बोगदा, म्हणजे आपल्याच यंत्रांना जोडणारी खासगी वाट, हा घरगुती वापरासाठी माझा कौल. मुळाशी वायरगार्ड हे तंत्र आहे, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेलं. दोन्ही टोकांची यंत्रं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही आणि राउटरवर काहीही उघडावं लागत नाही. तुमच्या खात्यात नोंदवलेल्या यंत्रांखेरीज कोणालाच तो कॉम्प्युटर दिसत नाही. घरगुती वापराला मोफत योजना आहे. उणिवाही आहेत. प्रत्येक यंत्रावर ॲप टाकावं लागतं, आणि बऱ्याच स्मार्ट टीव्हींवर ते मिळत नाही. थेट वाट सापडली नाही तर सगळं मधल्या सर्व्हरवरून फिरून जातं. मग भजन नीट वाजतं, पण मोठा व्हिडिओ अडखळतो. आणि एक लक्षात ठेवा, टेलस्केलही १०० ने सुरू होणारेच पत्ते वाटतं, ते पाहून पुन्हा सीजीनॅट समजू नका.

क्लाउडफ्लेअर टनेल, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमधून जाणारा बोगदा, तेव्हा घ्या, जेव्हा ॲप न टाकता नुसत्या लिंकवर अनेकांना दाखवायचं असेल. स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) लागतं, म्हणजे वर्षाला साधारण हजाराचा खर्च. मजकूर त्यांच्या सर्व्हरवर उलगडून पुढे जातो, तेव्हा खासगी कागदपत्रं त्यावर ठेवू नका. दारात लॉगिन हवंच. तासन्‌तास व्हिडिओ वाहून न्यायला ही मोफत सेवा नाही.

मामांना टेलस्केल लावून दिलं, लेकीच्या फोनवर आणि लॅपटॉपवरही.

"म्हणजे राउटरला हातच लावायचा नाही?" मामांनी विचारलं.

"लावायचा, मामा. तुम्ही भरलेली फॉरवर्डिंगची ओळ काढून टाकायला."

तुम्हीही बोगदा निवडलात तर हे कराच. उद्या कंपनीने सार्वजनिक पत्ता दिला तर ती विसरलेली ओळ त्याच क्षणी जागी होईल. त्याच पानाच्या आसपास यूपीएनपी सापडेल, तेही बंद करा. नाहीतर घरातला कुठलाही कॅमेरा किंवा गेम तुम्हाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतो.