हवाना सिंड्रोम: भरपाईचा अर्ज की कोर्टात कागदपत्रांची मागणी?

हवाना सिंड्रोम म्हणजे क्यूबातल्या हवानात आणि नंतर इतरत्रही अमेरिकन मुत्सद्दी, हेरांना झालेला गूढ त्रास; त्यामागे परकीय शत्रू असल्याचा संशय घेतला गेला. परवा एका मित्राने विचारलं, आपण असा त्रास झालेल्या सीआयएवाल्याच्या (अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या माणसाच्या) जागी असतो, डोकं गरगरतंय, कानात आवाज, झोप गेली, तर आधी काय केलं असतं? मी म्हटलं दोन वाटा बघ.

पहिली, २०२१ चा हवाना अ‍ॅक्ट, म्हणजे अशा कर्मचाऱ्यांना भरपाई देणारा अमेरिकन कायदा. न्यूरोलॉजिस्टची सही घेऊन फॉर्म भरायचा. अमेरिकन परराष्ट्र खात्याने २०२२ मध्ये जो आकडा ठरवला तो साधारण १ लाख ४० हजार ते १ लाख ८७ हजार डॉलर, एकरकमी. हे कोणी केलं ते सिद्ध करावं लागत नाही, आणि त्यामुळेच सरकारलाही त्यावर तोंड उघडावं लागत नाही.

दुसरी, त्यांचा माहिती अधिकार म्हणजे फोइया. कायद्यात मुदत २० कामाचे दिवस, पण सीआयएकडून बरेचदा 'आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही' छापाचं उत्तर येतं, नाहीतर काळ्या पट्ट्या मारलेली पानं, मग कोर्ट, वकिलाची फी, वर्षं जातात. (आपल्याकडे आरटीआयमधून रॉ, आयबी जवळजवळ बाहेरच आहेत, तेव्हा हसायला नको.) आजारी माणसाला हे झेपणं कठीण. पण २०२३ मध्ये गुप्तचर यंत्रणांनी परकीय शत्रूचा हात 'अत्यंत असंभव' म्हटला, तो निष्कर्ष कशावरून काढला ते विचारायची ही एक वाट, भरपाईच्या चेकने ते कळत नाही.

उपचाराचा खर्च अंगावर आला असेल, नोकरी सुटली असेल तर सरळ अर्ज. घर चालतंय, वकील खमका आहे आणि उत्तरच हवंय, तर फोइया.