मेव्हन, ग्रेडल आणि तीन एडिटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेव्हन आणि ग्रेडल ही जावा भाषेतल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणारी साधने, म्हणजे बिल्ड टूल. बिलिंगचे काम करणारा आमचा जुना सर्व्हर मेव्हनवर आहे आणि त्याच्या जोडीला नव्याने लिहिलेली एक सेवा ग्रेडलवर आहे. गेले अनेक महिने मी या दोन्ही प्रकल्पांवर आलटून पालटून काम करत आहे. दोन्ही स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर आहेत, दोन्हींत अनेक मॉड्यूल (वेगळे बांधता येणारे भाग) आहेत आणि दोन्हींतले काही क्लास कोड जनरेटर तयार करतो. टीममध्ये इंटेलिजे आयडिया, एक्लिप्स आणि व्हीएस कोड हे तिन्ही एडिटर वापरणारे लोक आहेत आणि कोणावर सक्ती नाही. अशा ठिकाणी ‘मेव्हन की ग्रेडल’ हा वाद अपुरा पडतो. बिल्ड टूल आणि एडिटर यांची निवड जोडीनेच करावी लागते, आणि ती करताना मी आता सर्वांत आधी हे पाहतो की एडिटरमध्ये ‘रन’ दाबल्यावर कोड कम्पाइल (यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतरित) करतो कोण.

एक्लिप्सचा कम्पायलर त्याचा स्वतःचा आहे, जेडीके या जावाच्या साधनसंचातल्या जावाक या कम्पायलरपेक्षा वेगळा. व्हीएस कोडमधले रेड हॅटचे जावा एक्स्टेन्शन एक्लिप्सच्याच जेडीटी लँग्वेज सर्व्हरवर (एडिटरला कोडचा अर्थ सांगणाऱ्या प्रोग्रामवर) चालते, त्यामुळे तिथेही तोच कम्पायलर येतो. हा कम्पायलर अतिशय चपळ आहे. फाइल सेव्ह करताच चुका दिसतात. मात्र जेनेरिक्सच्या (डेटाचा प्रकार वापरताना ठरणाऱ्या कोडच्या) गुंतागुंतीच्या ओळींत दोन्ही कम्पायलर क्वचित वेगवेगळा निष्कर्ष काढतात, आणि मग एडिटरमध्ये एकही लाल रेघ नसताना सीआयवरचा (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवरचा) बिल्ड पडतो. इंटेलिजेची रीत निराळी आहे. मेव्हन प्रकल्प तो डिफॉल्टने स्वतःच्या यंत्रणेतून बांधतो. ग्रेडल प्रकल्प मात्र २०१९.१ या आवृत्तीपासून ग्रेडलच्याच हवाली करतो. याचा परिणाम जनरेट होणाऱ्या कोडवर लगेच जाणवतो. ग्रेडलच्या प्रकल्पात ‘रन’ दाबले की जनरेटरचे टास्क (बिल्डमधले एक काम) आपोआप आधी चालते, तर मेव्हनच्या प्रकल्पात प्रकल्पाची नवीन प्रत (क्लोन) घेतल्यावर सोर्स तयार करण्याचा टप्पा एकदा हाताने चालवावा लागतो, नाहीतर निम्मी फाइल लाल दिसते. उलट बाजूने, एखादी छोटी टेस्ट पुन्हा पुन्हा चालवताना ग्रेडलमधून जाणारा वळसा खटकतो. दोन्ही सेटिंग बदलता येतात, पण टीममधल्या प्रत्येकाने ती सारखीच बदलली असतील असे गृहीत धरता येत नाही.

मेव्हन प्रकल्पाचे वर्णन ज्यात असते त्या पॉम फाइलवर लांबलचक एक्सएमएलचा आरोप नेहमी होतो आणि तो खराच आहे. परंतु पॉम ही केवळ माहिती आहे. ती वाचण्यासाठी एडिटरला काही चालवावे लागत नाही, म्हणून तिन्ही एडिटर मेव्हन प्रकल्प बिनबोभाट उघडतात. अपवाद एक्लिप्सचा: पॉममधल्या एखाद्या प्लगइनचे काय करायचे हे त्याच्या मेव्हन जोडणीला माहीत नसेल, तर ती तसे सांगून अडून बसू शकते. ग्रेडलची बिल्ड फाइल हा मुळात एक प्रोग्राम असतो. तो चालवल्याशिवाय प्रकल्पात काय आहे हे एडिटरला कळत नाही. एडिटर बिल्ड फाइल वाचून घेतो त्या ‘सिंक’साठी लागणारा वेळ यातूनच येतो. कोटलिन डीएसएल, म्हणजे बिल्ड फाइल कोटलिन भाषेत लिहिण्याची रीत, २०१८ साली ग्रेडल ५.० सोबत स्थिर झाली आणि आम्ही तीच वापरतो. इंटेलिजेमध्ये ती लिहिताना पूर्ण सूचना मिळतात. व्हीएस कोडमध्ये तेच काम बरेचसे अंदाजाने चालते. बिल्ड फाइलमध्ये वारंवार हात घालणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

लायब्ररींच्या आवृत्त्यांबाबत विशेष सावध राहावे असे मी सुचवेन. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर मेव्हन डिपेन्डन्सीच्या झाडात (कोणती लायब्ररी कशावर अवलंबून आहे त्या आराखड्यात) आपल्या प्रकल्पाला जवळची असलेली आवृत्ती निवडतो, मग ती जुनी का असेना. ग्रेडल साधारणपणे सर्वांत नवी उचलतो. त्यामुळे एक मॉड्यूल एका टूलवरून दुसऱ्यावर हलवले की कोडची एक ओळही न बदलता वर्तन बदलू शकते. हलवण्यापूर्वी आणि नंतर दोन्हीकडचे डिपेन्डन्सी ट्री छापून ताडून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळू नये.

वेगाच्या बाबतीत ग्रेडल निर्विवाद पुढे आहे. जे टास्क बदललेले नाही ते तो पुन्हा करत नाही, तर मेव्हनचे कम्पायलर प्लगइन बदल दिसताच सहसा संपूर्ण मॉड्यूल नव्याने कम्पाइल करते. शिवाय ग्रेडलमध्ये ‘इम्प्लिमेंटेशन’ (फक्त आत वापरायच्या लायब्ररी) आणि ‘एपीआय’ (बाहेरही दिसायच्या लायब्ररी) असा भेद करता येतो, त्यामुळे आतल्या लायब्ररी बाहेरच्या मॉड्यूलपर्यंत गळत नाहीत. मेव्हनमध्ये मला याची उणीव रोज भासते. या वेगाची किंमत मेमरीत मोजावी लागते. ग्रेडलचा डिमन (मागे सतत चालू राहणारी प्रक्रिया), व्हीएस कोडचा लँग्वेज सर्व्हर आणि आपला स्वतःचा सर्व्हर हे तिघे ८ जीबीच्या लॅपटॉपवर सुखाने नांदत नाहीत. जावाच्या नव्या आवृत्तीवर जातानाही ग्रेडलची आवृत्ती आधी तपासावी लागते. उदाहरणार्थ, जावा २१ सप्टेंबर २०२३ मध्ये आले, पण खुद्द ग्रेडल त्यावर चालवण्यासाठी त्याच वर्षी पुढे आलेल्या ८.५ ची वाट पाहावी लागली. मेव्हनमध्ये ही अडवणूक क्वचितच होते.

जुना सर्व्हर मी मेव्हनवरच ठेवणार आहे, कारण त्याची मॉड्यूल तुलनेने थोडी आहेत आणि तो तिन्ही एडिटरमध्ये सहज उघडतो. नव्या सेवेत मॉड्यूल वाढत आहेत, तेव्हा तिथे ग्रेडल आणि शक्यतो इंटेलिजे ही जोडी योग्य वाटते. एक्लिप्स किंवा व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी कोड पुश करण्यापूर्वी एकदा टर्मिनलवर रॅपरमधून (बिल्ड टूलची ठरलेली आवृत्ती चालवणाऱ्या स्क्रिप्टमधून) पूर्ण बिल्ड चालवावा, एवढीच अट आम्ही घातली आहे. रॅपरच्या फाइल दोन्ही प्रकल्पांत गिटमध्येच ठेवल्या आहेत, त्यामुळे सीआयवर आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बिल्ड टूलची आवृत्ती एकच राहते.