डोळे कोरडे पडलेत: नुसते टिअर ड्रॉप, शेक की अँटिबायोटिक ड्रॉप?

मिसळ खाताना डोळ्यातनं पाणी आलं तर कोल्हापुरात कुणी काय विचारत नाही, पण मला साधा चहा पितानाबी यायला लागलं तेव्हा ऑफिसातला एकजण म्हणाला, "का रडालाईस रं?" त्याला म्हटलं डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडलेत, तर तो हसतच सुटला. पाणी गळतंय आणि म्हणे कोरडे.

मी शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, राजारामपुरीतनं रोज टू-व्हीलर, हायवेची धूळ, मग आठ तास टॅली आणि डोक्यावर एसी. स्क्रीनकडं बघताना माणूस पापण्या निम्म्यापेक्षाबी कमी मिटतो, त्यामुळं हा त्रास आमच्यासारख्यांना लई. तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मावसभावाला याच त्रासासाठी डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनचा ड्रॉप लिहून दिला आणि त्याचा फोन आला, "दादा, इन्फेक्शन नाही म्हणतात, मग अँटिबायोटिक कशाला? घालू का नको?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, मी डॉक्टर नाही, वापरून आणि विचारून जेवढं कळलं तेवढंच.

आधी एक गोष्ट. डोळ्यावर नुसतं पाणी नसतंय, त्यावर तेलाचा एक पातळ थर असतो, आणि ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतनं येतं, वरच्या पापणीत पंचवीस-तीस तरी, खालच्या पापणीत त्याहून जरा कमी. मेबोमियन ग्रंथी म्हणतात त्यांना. हे तेल काकवीसारखं वाहतं पाहिजे, पण आमच्यासारख्यांचा तिथं गूळ झालेला असतो. मग वरचं झाकण नाही म्हणून पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की डोळा घाबरून भसाभसा पाणी सोडतो जे टिकत नाही. म्हणजे कोरडेपणा दोन जातीचा, एकात पाणीच कमी तयार होतं, दुसऱ्यात तेल बिघडलेलं, आणि बऱ्याच जणांना दोन्ही थोडं थोडं. कुठली बाटली घ्यायची ते यावरनं ठरतं, त्यामुळं तुमची जात कुठली हे विचारल्याशिवाय मेडिकलची पायरीच चढू नका. डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, पट्टी 5 मिलिमीटरबी भिजली नाही तर पाणीच कमी. दुसऱ्या तपासणीत डोळ्यात पिवळा रंग घालून बघतात, पापणी न मिटता थर 10 सेकंदाच्या आत फाटला तर तो टिकत नाही. आणि पापणीची कड दाबून तेल कसं येतंय ते बघतात. माझं टूथपेस्टसारखं आलं.

आता टिअर ड्रॉप, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज नाहीतर हायलुरोनेटवाले. हे सगळ्यांना चालतात, लगेच बरं वाटतं, आणि तासाभरात पुन्हा तेच. आजार बरा करत नाहीत, ओलावा देतात, तेवढंच. यात बघायची गोष्ट एकच, दिवसातनं चारपेक्षा जास्त वेळा घालायला लागत असेल तर बिगर-प्रिझर्व्हेटिव्हचा घ्या. साध्या बाटलीत औषध टिकावं म्हणून बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं आणि ते वारंवार डोळ्यात गेलं की पृष्ठभागच दुखावतं, म्हणजे ज्यासाठी घालतोय तेच वाढतं. मी वर्षभर स्वस्त बाटली दिवसाला आठ-दहा वेळा घालत होतो आणि म्हणत होतो काय फरक पडंना.

शेकाला पैसे पडत नाहीत म्हणून कुणी मनावर घेत नाही. मीबी आधी नाही घेतला. गरम पाण्यात रुमाल बुडवून डोळ्यावर ठेवला की दोन मिनिटात गार होतो, आणि आतला गूळ वितळायला पापणीला पाच-दहा मिनिटं सलग चाळीसेक अंशाची ऊब लागते, त्यामुळं रुमाल सारखा बदलत बसा नाहीतर गरम करायचा मास्क मिळतो तो घ्या. भाजेल एवढं गरम नको. नंतर वरची पापणी खाली आणि खालची वर असं हलक्या बोटानं कडेकडं चोळायचं, मग कडेची चिपडं पुसायची. फरक पडायला महिनाभर लागतो आणि सोडलं की परत येतंय. आमच्या आजीचा आग्रह डोळ्यात एरंडेल घालण्याचा होता, गंमत म्हणजे काही कंपन्यांच्या ड्रॉपमध्ये एरंडेल असतंच, पण ते निर्जंतुक केलेलं, घरातलं नव्हे. गुलाबपाण्याचंबी तेच.

आता भावाचा प्रश्न. अझिथ्रोमायसिन 1 टक्क्याचा ड्रॉप मुळात डोळे आल्यावर घालायचा, अमेरिकेत त्याला 2007 मध्ये त्याच कामासाठी मंजुरी मिळाली. पापण्यांसाठी डॉक्टर तो आपल्या अनुभवावर लिहून देतात, म्हणून इन्फेक्शन नसतानाबी तो कागदावर दिसतो. तो काम दोन प्रकारे करतो. पापणीच्या कडेवरचे जंतू तेल फोडणारं एक द्रव्य सोडतात, ते कमी होतं, आणि शिवाय औषध स्वतःच सूज उतरवतं. पेशींत बराच काळ टिकून राहतं म्हणून दिवसातनं एक-दोनदा पुरतं, साधारण दोन आठवडे ते महिना. पहिले काही दिवस लई चिकट, नजर धूसर, घातला की झोंबतो, आणि घशात कडू चव उतरते. म्हणून रात्री झोपताना बरा, गाडीवर निघायच्या आधी नको. लेन्स त्या काळात बंद. मला तिसऱ्या आठवड्यात सकाळी पापण्या चिकटणं कमी झालं, पण शेक चालू होता म्हणून कुणाचं श्रेय किती ते सांगता येणार नाही. बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांनी हळूहळू परत सुरू झालं.

म्हणजे पापणीची कड लाल, चिपडं, सारखी रांजणवाडी, तेल घट्ट, आणि महिना-दीड महिना शेक मनापासून करूनबी थांबत नाही, अशाला हा ड्रॉप घालून बघण्यात अर्थ आहे. तेल बरोबर आहे आणि पाणीच कमी आहे अशाला नाही. त्यांचा मार्ग सायक्लोस्पोरिन, म्हणजे सूज उतरवणारा दुसरा एक ड्रॉप, आणि त्याला धीर पाहिजे, तीन ते सहा महिने लागतात आणि सुरुवातीला जळजळतं.

ड्रॉपच्या ऐवजी गोळी हाबी पर्याय असतो. डॉक्सिसायक्लिन कमी डोसात आठवडे-महिने देतात, फायदा बहुतेक सूज उतरण्याचा. पण पोट बिघडतं, उन्हात कातडी भाजते, आडवं पडून गिळली तर अन्ननलिका जळते, दुधाबरोबर घेतली तर नीट भिनत नाही, आणि गरोदर बायकांना नि लहान पोरांना चालत नाही. उन्हातान्हात फिरतीचं काम असेल तर मी ड्रॉपच म्हणेन. अझिथ्रोमायसिनची पाच दिवसांची गोळीबी काहीजण देतात, पण हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल तर आधी सांगा.

आणि एक चूक माझी. पहिल्या वर्षी मेडिकलवाल्यानं कागद न बघता एक बाटली दिली, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र. चार दिवसात लाली गायब, नाद खुळा वाटलं. मग परत, मग परत तीच बाटली, असं तीन महिने. डॉक्टरांनी ऐकलं आणि आधी डोळ्याचं प्रेशर मोजलं, कारण स्टेरॉइडनं काचबिंदू नि मोतीबिंदू होऊ शकतो. नशीब, ठीक होतं. स्टेरॉइड वाईटच असं नाही, डॉक्टर थोडे दिवस मोजून देतात, पण बाटलीवर डेक्सामेथासोन असलं काही दिसलं तर स्वतःच्या मनानं नको. मॉक्सिफ्लॉक्सासिन वगैरे साधे अँटिबायोटिकबी या त्रासाला उपयोगाचे नाहीत, ते डोळे आल्यावरचे, पापणीतला गूळ ते वितळवत नाहीत.

ओमेगा-3 च्या कॅप्सूलवर मी बराच पैसा घालवला, आणि 2018 ला अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस निघाल्या नाहीत. त्यापेक्षा एसीची झडप तोंडावरनं वळवा आणि गाडीवर काचेचं हेल्मेट घाला.

नजर कमी झाली, खरं दुखतंय, उजेड सोसवत नाही, किंवा तोंडबी कोरडं नि सांधे दुखतात असं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ तपासून घ्या.

भावाला शेवटी सांगितलं की आधी विचार, पापणीचं तेल दाबून बघितलंय का, आणि ड्रॉप किती दिवस घालून बंद करायचा. त्यानं विचारलं, डॉक्टर म्हणाले तीन आठवडे, शेक रोज. टिअर ड्रॉप आधी घालतोय, दहा मिनिटांनी अझिथ्रो, आणि बाटलीवर फोडल्याची तारीख पेनानं लिहून ठेवलीय, महिना झाला की कचऱ्यात.