जर्मन स्प्रिंगांच्या नावाखाली माझ्याच गाडीच्या कापलेल्या स्प्रिंगा

माझ्या फोक्सवॅगन पोलो गाडीला जर्मनीहून आलेल्या लोअरिंग (गाडी खाली आणणाऱ्या) स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे आखूड शॉक ॲब्सॉर्बर बसवले असे सांगून बार्देश तालुक्यातील एका वर्कशॉपने माझ्याकडून 72,000 रुपये घेतले. प्रत्यक्षात त्यांनी माझ्याच गाडीच्या मूळ स्प्रिंगा काढून, कापून, त्यांना लाल रंग देऊन पुन्हा बसवल्या होत्या, आणि शॉक ॲब्सॉर्बर तर बदललेच नव्हते. जुन्यांनाच पिवळा रंग फासला होता. गाडी खाली बसवून घेण्याची हौस गोव्यात नवी नाही आणि ती पुरवणारी दुकानेही कमी नाहीत. त्यांतील कोणते खरे काम करते आणि कोणते नाही हे दुकानाच्या रूपावरून कळत नाही, म्हणून हा प्रकार तपशीलवार लिहीत आहे.

ही फसवणूक पहिल्याच दिवशी उघडी का पडत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगेचे ग्राहकाला जाणवणारे परिणाम दोनच असतात: गाडी खाली येते आणि चाल ताठर होते. मूळ स्प्रिंग कापली तरी नेमके हेच दोन परिणाम मिळतात. तारेची जाडी आणि वेढ्याचा व्यास तोच ठेवला तर स्प्रिंगेचा ताठरपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे 20 टक्के अधिक ताठर होते. त्यामुळे गाडी ताब्यात घेताना चाक आणि मडगार्ड यांमधील फट कमी झालेली दिसते, पहिल्या वळणावर गाडी कमी झुकते, आणि आपल्याला सांगितले तेच मिळाले अशी खात्री पटते. खरे आणि खोटे यांतला फरक चाके लोंबकळत असताना, खड्ड्यात आणि काही महिन्यांच्या वापरानंतरच समोर येतो.

मी चौकशी न करता गेलो नव्हतो. पोलोच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) आहे आणि मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाके जोडणारी, पीळ खाणारी आडवी तुळई), म्हणजे मागची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगवेगळ्या जागी बसतात, हे मला माहीत होते. पर्याय साधारण तीन होते. नुसत्या स्प्रिंगा बदलणे स्वस्त पडते, पण मूळ शॉकचा दट्ट्या मग आपल्या प्रवासाच्या खालच्या भागात काम करू लागतो आणि बंपस्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी थांब्यावर) वारंवार आदळतो. दुसरा पर्याय स्प्रिंगांसोबत आखूड शॉक घेण्याचा. बिलस्टाइन या जर्मन कंपनीच्या बी6 आणि बी8 या शॉकच्या मालिकांतला भेद हाच आहे, बी6 मूळ उंचीसाठी आणि बी8 खाली बसवलेल्या गाडीसाठी. तिसरा पर्याय कॉइलओव्हरचा, ज्यात आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगेची बैठक वरखाली करून उंची ठरवता येते. यातही प्रती असतात: केडब्ल्यू या कंपनीच्या व्हेरिएंट 1 मध्ये फक्त उंची बदलते, व्हेरिएंट 3 मध्ये दाब आणि उसळी या दोन्हींचे डॅम्पिंग (हालचाल शमवण्याचे प्रमाण) वेगवेगळे जुळवता येते. माझी गाडी रोजच्या नोकरीच्या रस्त्यावर, पावसाळ्यात आणि कुटुंबासह चालणार असल्याने मी दुसरा पर्याय निवडला आणि 30 ते 35 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवायचे नाही असे स्पष्ट सांगितले. आमच्याकडच्या गतिरोधकांची उंची कोणत्या मापाने ठरते हे आजवर कोणालाच उमगलेले नसल्यामुळे त्याहून खाली जाण्यात अर्थ नव्हता.

वर्कशॉपच्या मालकाने बोलणे अगदी जाणकारासारखे केले. त्याने मोबाईलवर लाल स्प्रिंगांच्या खोक्याचे फोटो दाखवले, एका जर्मन प्रमाणपत्राची प्रत दाखवली आणि ‘दादा, हे टीयूव्हीचे कागद आहेत, आरटीओलासुद्धा चालतात’ असे सांगितले. हे विधान निव्वळ खोटे होते. टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचा अहवाल जर्मनीतील नियमांसाठी असतो. भारतात मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 लागू होते, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला बाधा येईल असा बदल करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागणार आहे, कारण याच कायद्याचा उपयोग त्याने नंतर माझ्याविरुद्ध केला.

अर्धी रक्कम आगाऊ मागण्यात आली. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर वर्कशॉपचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘चालू खात्याची मर्यादा संपली आहे’ असे उत्तर मिळाले. माल येण्यास उशीर होत गेला आणि अखेरीस, चवथीच्या आधीच्या गर्दीत, गाडी सकाळी सोडून संध्याकाळी न्यावी असे ठरले. मी काम चालू असताना थांबण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा लिफ्टखाली ग्राहकाला उभे राहू देत नाहीत असे सांगण्यात आले, जे सुरक्षिततेच्या दृष्टीने पटण्यासारखे होते. जुने भाग परत मागितल्यावर ‘ते भंगारवाल्याने दुपारीच नेले’ असे उत्तर आले. रिकामे खोके दाखवण्यात आले, पण ‘वॉरंटीच्या नोंदीसाठी’ ते दुकानातच राहिले. प्रत्येक उत्तराला स्वतंत्रपणे काहीतरी कारण होते. एकत्र पाहिले तर त्या दिवशी माझ्या हाती भागांची ओळख पटवणारी एकही वस्तू आली नाही.

सुरुवातीचे काही आठवडे तक्रार करण्यासारखे काही घडले नाही. नंतर गतिरोधक ओलांडून चाक खाली येताना मागून एक कोरडा ‘टक’ असा आवाज येऊ लागला. वर्कशॉपने नवे रबर बसले की जाईल असे सांगितले. पुढच्या टायरांची आतली कड झिजू लागली. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) दोन्ही सरकतात, त्यामुळे काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करणे अनिवार्य असते. मला दिलेल्या अलाइनमेंटच्या छापील कागदावर गाडीचा क्रमांकच नव्हता हे मी तेव्हा पाहिले. साखळी, केरी या मार्गाने चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना एका तुटलेल्या कडेवरून मागचे चाक उतरले, आवाज मोठा झाला, आणि त्यानंतर गाडी सपाट रस्त्यावरही उसळी घेतल्यावर एका झटक्यात स्थिरावत नाही हे घरच्यांनाही जाणवू लागले.

खरे काय ते फोंड्यातील एका वयस्कर मेस्त्रींनी दाखवले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, मागची चाके मोकळी लोंबू दिली आणि मला बोलावून म्हणाले, ‘हात लावून बघा, तुमची स्प्रिंग मोकळी फिरते आहे.’ ती खरोखरच दोन बोटांनी फिरत होती. असे का होते हे त्यांनी फार नेमके सांगितले. चाक किती खाली लोंबणार हे शॉक ॲब्सॉर्बरच्या पूर्ण ताणलेल्या लांबीवर ठरते. स्प्रिंग आखूड केली आणि शॉक तसाच लांब ठेवला, तर चाक पूर्ण उतरल्यावर दोन बैठकांमधले अंतर स्प्रिंगेच्या मोकळ्या लांबीपेक्षा जास्त होते आणि स्प्रिंग जागेवरून सुटते. चाक पुन्हा वर येताना ती जागेवर आदळते, तोच तो ‘टक’. म्हणूनच चांगल्या संचात शॉक आखूड असतो, किंवा स्प्रिंगेच्या एका टोकाचे काही वेढे मुद्दाम जवळजवळ वळलेले असतात, जे गाडीच्या वजनाखाली मिटून राहतात आणि चाक लोंबताना उघडून स्प्रिंगेला जागेवर धरतात.

स्प्रिंग बाहेर काढल्यावर उरलेले सगळे दहा मिनिटांत स्पष्ट झाले. एका टोकाची तार कारखान्यात वळवलेली होती, दुसऱ्या टोकाला ग्राइंडरचा सरळ, चौकोनी काप होता आणि त्याची धार रबरात रुतली होती. पॉलिश पेपरने लाल रंग घासल्यावर खाली कारखान्याचा काळा लेप आणि त्यावर मूळ रंगखुणांचे ठिपके निघाले. हे ठिपके कंपनी स्प्रिंगेची प्रत ओळखण्यासाठी देते आणि अधिकृत सेवा केंद्राच्या सुट्या भागांच्या नोंदीत माझ्या गाडीसाठी तेच रंग नोंदलेले होते. व्हर्नियरने मोजलेली तारेची जाडी दुसऱ्या एका न बदललेल्या पोलोशी तंतोतंत जुळली. शॉकवरचा पिवळा रंग काढल्यावर उत्पादनाची ठोकलेली तारीख दिसली, आणि ती माझी गाडी तयार झाली त्या काळातली होती. पुढच्या एका स्प्रिंगेच्या कापाजवळ धातूवर निळसर झाक होती. स्प्रिंगेचे पोलाद विशिष्ट तापमानाला पाणी देऊन आणि नंतर टेम्पर करून तयार केलेले असते. कापताना ते फार तापले तर त्या भागातला टणकपणा आणि लवचिकता यांचा मेळ बिघडतो आणि तिथून तडा जाण्याची शक्यता वाढते. पुढची स्प्रिंग टायरच्या अगदी शेजारी असते. ती तुटून किंवा बैठकीवरून घसरून टायरमध्ये घुसली असती, तर काय झाले असते याचा अंदाज चोर्ला घाटाची वळणे ज्याने पाहिली आहेत त्याला वेगळा सांगावा लागणार नाही. पैशांपेक्षा मला याच गोष्टीचा राग अधिक आहे.

बिलाचीही तपासणी केली. त्यावर ‘कार ॲक्सेसरीज’ एवढेच लिहिले होते. शॉक ॲब्सॉर्बरसारख्या सस्पेन्शनच्या भागांसाठीचा 8708 80 हा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा) क्रमांक नव्हता, भागाचा क्रमांक नव्हता, आयातदाराचे नाव नव्हते. जीएसटी क्रमांक 29 ने सुरू होत होता. या 15 अंकी-अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दाखवतात: गोव्याचा 30, महाराष्ट्राचा 27, कर्नाटकाचा 29. गोव्यातल्या पत्त्याच्या बिलावर कर्नाटकाचा क्रमांक कसा, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधल्यावर कळले. तो क्रमांक भलत्याच धंद्यातील एका व्यापाऱ्याचा होता.

पुरावे घेऊन वर्कशॉपमध्ये गेल्यावर मालकाने आधी पुरवठादारावर ढकलले आणि मग शांतपणे धमकी दिली: ‘तक्रार करा, पण गाडीत बदल तुम्ही करून घेतला आहे, दंड तुम्हालाच बसेल.’ ही धमकी अर्धी खरी असल्यामुळेच प्रभावी ठरते आणि बरेच ग्राहक इथेच गप्प बसतात असे मला नंतर समजले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ (4) नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु खोटा माल खरा म्हणून विकणे आणि न केलेल्या कामाचे पैसे घेणे या गोष्टी त्यामुळे माफ होत नाहीत. वकिलांच्या सल्ल्याने मी अधिकृत सेवा केंद्राकडून मूळ स्प्रिंगा आणि शॉक बसवून गाडी पूर्ववत केली, त्याचे बिल घेतले, काढलेल्या भागांचे मापपट्टीसह फोटो काढले, आणि मेस्त्रींकडून त्यांच्या तपासणीचे सहीनिशी निवेदन घेतले. त्यानंतर नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर 25,000 रुपये परत आले आणि ‘इथेच मिटवू’ असा निरोप आला. उरलेल्या रकमेसाठी आणि गाडी पूर्ववत करण्याच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. दुकानदार ऐकत असेल तर तिथल्या नोंदीनेही कधी कधी काम होते, माझ्या बाबतीत झाले नाही.

तेच वर्कशॉप आता दुसऱ्या नावाच्या पाटीखाली, ‘आयात’ कॉइलओव्हर आणि एअर सस्पेन्शनच्या जाहिराती करीत आहे. ज्यांनी कोणत्याही दुकानात आगाऊ रक्कम देण्याचे ठरवले असेल त्यांनी पैसे देण्याआधी सीलबंद खोके समोर उघडायला लावावे आणि त्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असलेली पट्टी आहे का ते पाहावे. जर्मन स्प्रिंगांवर भागाच्या क्रमांकासोबत पुढच्यासाठी ‘व्हीए’ आणि मागच्यासाठी ‘एचए’ या अर्थाची रोमन अक्षरे असतात. तो क्रमांक उत्पादकाच्या यादीत आपल्याच मॉडेलसमोर आहे का हे स्वतः ताडून घ्यावे. जुन्या स्प्रिंगा आणि शॉक आपल्या डिकीत ठेवूनच उरलेली रक्कम द्यावी, आणि गाडी लिफ्टवरून उतरवण्यापूर्वी मागची चाके लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने फिरते का, एवढे मात्र तिथेच बघून घ्यावे.