डिक्सिट: तीन पिढ्यांनी एकत्र खेळावा असा चित्रांचा खेळ

आजी मराठीत बोलते, नातू शाळेतून गुजराती आणि इंग्रजी घेऊन येतो. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत बैठ्या खेळांची अडचण इथूनच सुरू होते, कारण बऱ्याच परदेशी खेळांच्या पत्त्यांवर इंग्रजी मजकूर असतो. डिक्सिटच्या ८४ पत्त्यांवर वाचायला एक शब्द नाही, नुसती चित्रं. ज्याँ-लुई रुबिरा यांनी रचलेला हा खेळ २००८ साली आला आणि २०१० मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला. मूळ संचातली चित्रं मारी कार्दुआ या चित्रकर्तीची आहेत, आणि खेळाचा खरा जीव त्यांच्यातच आहे.

प्रत्येकाला सहा पत्ते. ज्याची पाळी, तो एक पत्ता पालथा ठेवून त्यावरून एक शब्द किंवा ओळ सांगतो. बाकीचे आपल्या हातातला त्यातल्या त्यात जुळणारा पत्ता पालथा देतात. सगळे पिसून उघडे मांडायचे आणि मूळ पत्ता कोणता, यावर गुप्त मत द्यायचं. सगळ्यांनी ओळखला किंवा कुणीच ओळखला नाही, तर सांगणाऱ्याला शून्य आणि बाकीच्यांना दोन-दोन गुण. काहींनीच ओळखला, तर सांगणाऱ्याला आणि ओळखणाऱ्यांना तीन-तीन. शिवाय सांगणारा सोडून इतरांना आपल्या पत्त्याला पडलेल्या प्रत्येक परक्या मताचा एक गुण.

या गुणपद्धतीमुळे ओळ अर्धी उघडी, अर्धी झाकलेली ठेवावी लागते. लहान मुलं इथेच अडकतात: चित्रात किल्ली दिसली की ‘किल्ली’ म्हणतात, सगळे ओळखतात, शून्य मिळतं आणि मूल हिरमुसतं. त्यांना वस्तूचं नाव नको, चित्र बघून काय वाटलं ते सांगायला शिकवा. ‘कुणी बोलावलंच नाही’ ही ओळ चार चित्रांना लागू पडते. मोठ्यांची चूक उलटी. नवराबायकोतली खासगी आठवण पाहुण्यांसमोर सांगितली, तर एकच जण ओळखतो. तीन गुण मिळतात खरे, पण बाकीच्यांचा रस जातो. म्हणी मात्र उत्तम चालतात. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हटलं की आजीचं आणि नातवाचं बोट वेगवेगळ्या चित्रांवर जातं, आणि त्यानंतरच्या गप्पा गुणांपेक्षा मोलाच्या असतात.

चार ते सहा जणांत खेळ सर्वात रंगतो. तिघांत प्रत्येकाला सात पत्ते आणि सांगणारा सोडून इतरांनी दोन-दोन द्यायचे, ही सोय आहे. पण मजा निम्मी. चित्रांत बारीक काम फार, म्हणून पांढऱ्या चादरीवर, ट्यूबलाइटखाली मांडा, नाहीतर ज्येष्ठांना अर्धं चित्र दिसतच नाही.

पत्ते मोठे आहेत, ८० गुणिले १२० मिलिमीटर. नेहमीच्या पत्त्यांची प्लास्टिक पाकिटं त्यांना बसत नाहीत. याच मापाची मागवा. पावसाळ्यात पत्ता वाकला किंवा लीलो चेवड्याचं (बडोद्याचा ओलसर चिवडा) तेलकट बोट पाठीवर उमटलं, की तो पालथाही ओळखू येतो आणि खेळ संपलाच. चेवडा डावानंतर.

मोठा दोष एकच: वारंवार खेळलं की ‘हा तर आजीचा पत्ता’ असं होऊन बसतं. उपाय म्हणजे पुरवणी संच. ‘जर्नी’ची चित्रं झेवियर कोलेत यांची, ‘डेड्रीम्स’ची फ्रांक दियों यांची, प्रत्येकी ८४ पत्ते. दियों यांची छटा गडद आहे, अगदी लहान मुलं असतील तर तो संच नंतर घ्या.

बडोद्यात आणखी एक वाट आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीमुळे शहरात अद्भुत चित्रं काढणारे स्वतंत्र चित्रकार भेटतात. त्यांच्याकडून मोबदला देऊन, घरगुती छपाईची परवानगी घेऊन दहा-बारा चित्रं करून घ्या. चित्रात दोन-तीन घटना हव्यात आणि चेहऱ्यावरचा भाव संदिग्ध हवा. एकच ठळक वस्तू असलेलं चित्र सुंदर असूनही इथे निकामी ठरतं. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) आर्ट कार्डवर, कापायच्या रेषेबाहेर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर रंग वाढवून छापा, म्हणजे कापताना पांढरी कड राहणार नाही. मागचा रंग मूळ पत्त्यांशी तंतोतंत जुळणं कठीण, म्हणून नवे-जुने सगळेच पत्ते मागून अपारदर्शक असलेल्या एकसारख्या पाकिटांत घाला.