इंग्रजीच्या शिक्षकांसाठी नाट्यकार्यशाळा : सहा दिवसांत काय मिळाले?

यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यातील एका नाट्यसंस्थेने माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांसाठी सहा दिवसांची कार्यशाळा घेतली, तिला मी गेले होते. संस्थेचे नाव मी देत नाही. अशा कार्यशाळा आता अनेक ठिकाणी होतात आणि त्यांतून निवड करताना काय पाहावे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. शुल्क ३,५०० रुपये होते, त्यात दुपारचे जेवण धरलेले होते. आम्ही चोवीस शिक्षक होतो, त्यांतले बहुतेक मराठी माध्यमाच्या शाळांतले.

मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते आणि स्नेहसंमेलनातील नाटुकलीही माझ्याकडेच असतात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे नववीत येणाऱ्या मुलाच्या गाठीशी आठ वर्षांचे इंग्रजी असते. त्याला धडा वाचता येतो, प्रश्नोत्तरे लिहिता येतात. मात्र इंग्रजीत बोलल्यावाचून आपले अडणार आहे, असा प्रसंग त्याच्यावर कधी आलेलाच नसतो. नाटकाने हा प्रसंग आणता येईल असे मला नेहमी वाटे, पण माझ्या हातून व्हायचे ते एवढेच, की आठ-दहा हुशार मुलांकडून संवाद घोटून घ्यायचे आणि बाकीच्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या. पाठ केलेला संवाद म्हणणे म्हणजे बोलणे नव्हे, ही गोष्ट या कार्यशाळेने मला प्रत्यक्ष करून दाखवली आणि केवळ तेवढ्यासाठीही तिचे शुल्क मला जास्त वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक काही न सांगता बाहेर गेले आणि काखेत फाइल घेऊन परत आले. आता ते ग्रामपंचायतीचे अधिकारी होते आणि आम्ही गावकरी. गावातली विहीर उद्यापासून बंद होणार असल्याची सूचना त्यांनी इंग्रजीत वाचून दाखवली व खुर्चीवर बसून राहिले. क्षणभर कोणी बोलेना. मग एका शिक्षिकेने कारण विचारले, दुसऱ्याने हुकूम दाखवा म्हटले आणि पाहता पाहता सगळा वर्ग भांडायला उठला. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरण्याची ही पद्धत डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. १९२६ साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्या, चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या आणि पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षक घडवणाऱ्या या बाईंविषयी प्रशिक्षकांनी फार जिव्हाळ्याने सांगितले. या पद्धतीला रंगमंच लागत नाही आणि वेशभूषाही लागत नाही. एक फाइल आणि गंभीर चेहरा पुरतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हाच प्रसंग मी माझ्या नववीत करून पाहिला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो हजेरीखेरीज कधी तोंड उघडत नाही, उभा राहून म्हणाला, ‘‘मॅडम, व्हाय यू आर क्लोज अवर वेल?’’ वाक्य चुकले होते, पण प्रश्न अगदी खरा होता आणि तो त्याचा स्वतःचा होता. मी ते वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त केले नाही. अधिकाऱ्याच्या भूमिकेतूनच ‘‘व्हाय आर वुई क्लोझिंग युअर वेल?’’ असे म्हणून मी उत्तर दिले आणि त्याच्या पुढच्या प्रश्नात ‘आर’ आपोआप जागेवर आला.

कार्यशाळेतला दुसरा मोलाचा भाग वाक्यातील आघाताचा होता. ‘आय डिड नॉट टेक युअर पेन’ हे एकच वाक्य दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन म्हणायचे आणि बदललेला अर्थ समोरच्याने ओळखायचा. हे काम मराठीत आपण पुष्कळदा ‘च’, ‘ही’ आणि ‘तर’ लावून करतो : ‘मी तर तुझे पेन घेतले नाही’, ‘मी तुझेच पेन घेतले नाही’. इंग्रजीत ते बरेचसे आवाजावर सोपवलेले असते. आपली मुले प्रत्येक अक्षराला सारखेच वजन देऊन वाचतात, त्यामुळे त्यांचे इंग्रजी शुद्ध असूनही सपाट ऐकू येते. ही तुलना प्रशिक्षकांनी केली नव्हती. ती आम्हा शिक्षकांच्या चर्चेतून निघाली. अशा चर्चेला त्यांनी मोकळा वेळ दिला, हे त्यांचे श्रेय आहे.

उणिवा मात्र लहान नाहीत. दिलेल्या टिपणांतले बहुतेक खेळ मोकळे सभागृह, पंचवीस मुले आणि तासाभराचा अवधी गृहीत धरतात. माझ्या वर्गात एकसष्ट मुले आहेत, बाके हलवायला जागा नाही आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. याविषयी विचारल्यावर ‘तुमच्या परिस्थितीनुसार बदल करा’ एवढेच उत्तर मिळाले. खरे तर हा बदल शिकण्यासाठीच आम्ही आलो होतो. शिवाय सहाही दिवस मराठीला पूर्ण मज्जाव होता. तयारीच्या वेळी मुलांनी आपसांत मराठीत बोलून प्रसंग ठरवला, तर इंग्रजीत बोलायला त्यांच्याकडे काहीतरी असते, असा माझा अनुभव आहे. सर्वांत खटकले ते हे, की शेवटचे दीड दिवस पाहुण्यांसमोर सादर करायच्या एकांकिकेच्या तालमीत गेले. ज्या पाठांतरातून बाहेर पडायला आम्ही शिकलो, त्यातच आम्हाला पुन्हा बसवण्यात आले.

दहावीला तृतीय भाषा इंग्रजीच्या १०० गुणांपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यांतील तोंडी परीक्षेसाठी धड्यातल्या पात्राला खुर्चीवर बसवून वर्गाने त्याला प्रश्न विचारण्याचा खेळ मी आता नियमित घेते, आणि मुख्याध्यापकांना तो अभ्यासक्रमाबाहेरचा वाटत नाही. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी अशा कार्यशाळेला अवश्य जावे. नाव नोंदवण्यापूर्वी शेवटच्या दिवशी सादरीकरण आहे का आणि प्रशिक्षकांनी स्वतः मोठ्या वर्गाला शिकवले आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. जाताना आपले पाठ्यपुस्तक बरोबर न्यावे, आणि वर्गात सर्वांत रटाळ होणारा धडा पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांपुढे ठेवून त्यावर काम करून मागावे.