आरटीईची आठवी संपल्यावर: तीच स्वनिर्भर शाळा की ग्रँटेड?

बडोद्यात आरटीईवर (शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागेवर) स्वनिर्भर, म्हणजे विनाअनुदानित खासगी, शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी आठवीच्या दिवाळीनंतर एकच विषय असतो, नववीचं काय करायचं? मोफत जागा आठवीपर्यंतच. पुढे त्याच शाळेत ठेवायचं तर पूर्ण फी भरायची, नाही तर एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) काढून ग्रँटेड, म्हणजे अनुदानित, शाळेत नाव घालायचं. आमची मुलगी गुजराती माध्यमाची, पहिलीपासून आरटीईवर शिकलेली. आता ती जुन्या शहरातल्या एका ग्रँटेड शाळेत नववीत आहे. दांडिया बाजार, वाडी, प्रतापनगर भागातली ओळखीची मराठी मंडळी याबद्दल वरचेवर विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर यातलं निम्मंच कामाला येईल, कारण त्या माध्यमाच्या ग्रँटेड शाळा मोजक्याच आहेत.

बरेच जण याकडे सरकारी विरुद्ध खासगी असं बघतात. तसं ते नाही. दोन्ही ठिकाणी शाळा ट्रस्टची असते आणि दोन्ही ठिकाणी सरकारचा पैसा येतो. फरक आहे तो पैसा कुणाच्या हातात पडतो याचा. आरटीईच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी शाळेने पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि सरकार मुलामागे ठरावीक रक्कम शाळेला देणार. गुजरातमध्ये ही रक्कम वर्षाला १३,००० रुपये किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी कमी असेल ती. शिवाय गणवेश, दप्तर वगैरेसाठी ३,००० रुपये पालकाच्या खात्यात येतात. ग्रँटेडचं गणित वेगळं. इमारत आणि कारभार ट्रस्टचा, पण शिक्षकाचा पगार सरकार देतं आणि तो थेट शिक्षकाच्या खात्यात जमा होतो. थोडक्यात, एका व्यवस्थेत सरकार मुलाची जागा विकत घेतं, दुसऱ्या व्यवस्थेत शिक्षकाचा पगार भरतं. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. वर्गात तो फार मोठा आहे, असं माझं मत झालंय.

बडोद्यात शिक्षणाची गोष्ट निघाली की सयाजीराव महाराजांचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. पण तिथे मुलाला शाळेत आणण्याची आणि शिकवण्याची, दोन्ही जबाबदाऱ्या दरबारच्याच होत्या. आज जबाबदारी वाटली गेली आहे. म्हणून कोणत्या वाटणीत आपलं मूल जास्त सुरक्षित, हे पालकालाच बघावं लागतं.

फीचं पटकन सांगतो. गुजरातमध्ये २०१७ पासून फी नियमन कायदा आहे. त्यात प्राथमिकला १५,००० आणि माध्यमिकला २५,००० ही मर्यादा ठरली. त्याहून जास्त घ्यायची असेल तर शाळेने समितीकडून मंजुरी घ्यायची, आणि बडोदा विभागाची समिती इथेच आहे. तेव्हा नववीची फी विचाराल तेव्हा समितीने मंजूर केलेला आकडा कोणता, हेही विचारा. ग्रँटेडमध्ये मुलींना शिक्षण फी नाही, मुलांनाही नाममात्रच. पाठ्यपुस्तकं आम्हाला शाळेतूनच मिळाली. मुलगी असेल तर २०२४ पासून नमो लक्ष्मी योजना आहे. नववी ते बारावी मिळून ५०,००० रुपये, आईच्या खात्यात, हजेरी ८० टक्के हवी. आरटीईवर आठवी झालेल्या मुलीला ही योजना स्वनिर्भर शाळेत राहूनही मिळते, म्हणून त्या एका कारणासाठी शाळा बदलायची गरज नाही. ज्ञान साधना शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते आणि आरटीईची मुलंही तिला बसू शकतात. ती मिळाली तर स्वनिर्भरची फी बऱ्यापैकी सुसह्य होते. ज्यांचं मूल या शिष्यवृत्तीच्या यादीत आहे त्यांनी माझं पुढचं म्हणणं जरा हात राखून वाचावं.

आमचा निर्णय फीवरून झाला नाही. फी जमवली असती. ओढाताण झाली असती, पण मी आणि बायकोने तशी तयारी ठेवली होती. निर्णय झाला तो गणिताच्या वहीवरून.

सातवी-आठवीत मुलीच्या शाळेत गणिताचा शिक्षक टिकतच नव्हता. आठवीची एकच वही, आणि तिच्यात लाल शाईत तीन शिक्षकांची तीन हस्ताक्षरं. पहिल्या बाई समीकरण सोडवताना प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर लिहायला लावायच्या. संख्या पलीकडे गेल्यावर तिचं चिन्ह का बदलतं, हे दोन्ही बाजूंतून तीच संख्या वजा करून दाखवायच्या. वही स्वच्छ होती, मुलगी खूश होती. दिवाळीनंतर त्या आल्याच नाहीत. त्यांच्या जागी सर आले. त्यांना इतक्या पायऱ्या म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचा. त्यांनी पानंच्या पानं खोडून बाजूला 'टूंकमां लखो' असं लिहिलं. मुलगी थोडक्यात लिहायला लागली आणि चिन्हं चुकवायला लागली. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तिसऱ्या बाई आल्या. त्यांच्या हातात उरलेला अभ्यासक्रम आणि थोडेसे आठवडे होते. त्यांनी महत्त्वाचे प्रश्न फळ्यावर लिहून दिले आणि मुलांनी ते उतरवून घेतले. वहीच्या शेवटच्या भागात लाल शाई जवळजवळ नाहीच.

पालकसभेला गेलो तेव्हा या तिसऱ्या बाईंनी हजेरीपटावर बोट फिरवून नाव शोधलं आणि घटक चाचणीचे गुण वाचून दाखवले. मी विचारलं, समीकरणात नेमकं काय चुकतंय? त्या नम्रपणे म्हणाल्या, मी नवीनच आहे, बघून सांगते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. त्रास याचा झाला की आठ वर्षं आमची मुलगी त्या शाळेत होती आणि तिला गणितात काय येतं, काय येत नाही, हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या इमारतीत उरला नव्हता.

यात कुणा एकाला धरता येत नाही. स्वनिर्भर शाळेत पगार किती द्यायचा हे ट्रस्ट ठरवतो, आणि बहुतेक ठिकाणी तो इतका असतो की ट्यूशन क्लासवाल्यांनी बोलावलं, दुसऱ्या शाळेने थोडे जास्त दिले, सरकारी यादीत नाव लागलं, की शिक्षक निघतो. त्यालाही घर आहे. पण सरकार जी रक्कम देतं ती मुलामागे. वर्षात गणिताला एक शिक्षक असला काय आणि तीन आले काय, त्या रकमेत काही फरक पडत नाही. बाक भरलेला आहे ना, एवढंच बघितलं जातं. पूर्ण फी भरणाऱ्या मुलांच्याही वह्या अशाच होत्या, म्हणजे नववीत फी भरून हा त्रास संपला असता असंही नाही.

ग्रँटेडमध्ये आता गणिताला जे सर आहेत ते त्याच शाळेत केस पांढरे होईपर्यंत शिकवत आलेत. आमच्या चाळीतल्या एका मोठ्या मुलालाही त्यांनीच शिकवलं. मुलीचं सुरुवातीचं काम बघून त्यांनी आठवीची वही मागवली, तो खोडलेला भाग काढला आणि तिला पुन्हा पहिल्या बाईंच्या पद्धतीने, एकेक पायरी करून, सोडवायला लावलं. हे माप म्हणून पुरेसं नाही, मला कळतं. एका मुलीचा अनुभव आहे. पण सर पुढच्या वर्षी, दहावीलाही, तिथेच असणार आहेत, आणि बोर्डाच्या वर्षाची ही एक काळजी माझी कमी झाली आहे.

आता ग्रँटेडची दुसरी बाजू, कारण ती लपवून उपयोग नाही. जागा रिकाम्या राहतात. बहुतेक ग्रँटेड शाळांत भरती आता ट्रस्टी करत नाहीत, सरकार टाटच्या (शिक्षक भरतीच्या अभियोग्यता परीक्षेच्या) गुणांवर मेरिटने करतं. त्यामुळे पैसे देऊन चिकटलेला माणूस येत नाही हे चांगलं, पण एखादे सर निवृत्त झाले की ती जागा भरायला फार वेळ जातो. मधल्या काळात आधी प्रवासी (तात्पुरते) शिक्षक असायचे, २०२३ पासून ज्ञान सहायक आहेत, आणि त्यांचा करार ११ महिन्यांचा. मुलीच्या शाळेत विज्ञानाला ज्ञान सहायकच आहेत. बाई मनापासून शिकवतात, पण ज्या त्रासापायी आम्ही शाळा बदलली तोच या एका विषयात मागच्या दाराने परत आलाय, हे मान्य करावं लागेल. ज्या ग्रँटेड शाळेत निम्मे शिक्षक असे करारावरचे असतील तिथे माझा सगळा युक्तिवादच पडतो. शिवाय कायम शिक्षकांना निवडणुकीची, मतदार यादीची कामं येतात आणि तास बुडतात. वर्ग मोठे आहेत. संगणकाची खोली आहे, पण तिथे क्वचितच नेतात. जुन्या शाळेत स्मार्ट बोर्ड होता, स्नेहसंमेलन दणक्यात व्हायचं, पालकांना रोज मोबाइलवर गृहपाठ यायचा. मुलीला सुरुवातीला हे सगळं आठवायचं आणि मैत्रिणी तुटल्याचं दुःख तर होतंच. चौदाव्या वर्षी शाळा बदलणं सोपं नाही, ते घरच्यांनी गृहीत धरून चालावं.

म्हणून मी सरसकट सगळ्यांना ग्रँटेडमध्ये जा म्हणणार नाही. तुमच्या स्वनिर्भर शाळेत नववी-दहावीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक बऱ्याच वर्षांपासून तेच असतील, आणि अशा शाळा बडोद्यात आहेत, तर शिष्यवृत्तीचा आधार घेऊन तिथेच राहणं योग्य ठरेल. पण तशी खात्री नसेल तर माझा कल स्पष्टपणे ग्रँटेडकडे आहे. ज्या ठिकाणी सरकारचा पैसा शिकवणाऱ्या माणसाला बांधून ठेवतो, तिथे मुलाला ओळखणारं कुणीतरी राहतं.

शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीत फार वेळ घालवू नका. ऑफिसात किंवा प्राचार्यांना विचारा की नववीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं आणि ते कायम आहेत, शिक्षण सहायक आहेत की ज्ञान सहायक. शिक्षण सहायक ही पाच वर्षं ठरावीक पगारावर राहून पुढे कायम होणारी नेमणूक आहे, म्हणून ती चालेल. हेच दोन प्रश्न तुमच्या आत्ताच्या शाळेतही विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. शाळा सुटताना फाटकाजवळ दहावीची दोन-तीन मुलं गाठलीत तर तीही खरं सांगतात. सातवीत गणिताला कोण होतं, असं विचारलं की त्यांना नाव आठवतं का, एवढं बघा.

वेळेचंही जपा. अनेक संस्थांचा खालचा प्राथमिक विभाग स्वनिर्भर आणि वरचा माध्यमिक ग्रँटेड असतो, त्यामुळे नववीच्या जागा आधी त्यांच्याच मुलांनी भरतात आणि बाहेरच्यांना उरलेल्या मिळतात. जून उजाडेपर्यंत थांबू नका. आठवीची वार्षिक परीक्षा संपताच नाव नोंदवून ठेवा, एलसी निकालानंतर दिला तरी चालतो. मुलगी असेल तर आईच्या नावाचं आधारशी जोडलेलं बँक खातं तेव्हाच तयार ठेवा. आमचं ते राहिलं होतं आणि नमो लक्ष्मीचे पहिले हप्ते उशिरा आले.